दुरुस्तीनंतरचे न दिसणारे नुकसान

घराखालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार, आणि ती बहुधा कर्जाऊ घेतलेली असते. अपघात झाला, विमा कंपनीने दुरुस्तीचा खर्च दिला, की प्रकरण मिटले असे आपण मानतो. परंतु ती मोटार विकावयास काढताच खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो, "गाडीला अपघात झाला आहे का?" काम कितीही उत्तम झालेले असो, होकार देताच किंमत उतरते. कर्जाची शिल्लक मात्र एका रुपयानेही उतरत नाही.

हे नुकसान स्वतःच्या विम्यातून मिळत नाही. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत परिणामी नुकसान व घसारा वगळलेले आहेत. 'झिरो डेप्रिसिएशन' संरक्षण घेतले म्हणजे ही उणीव भरून निघते, हा समजही चुकीचा आहे. त्यामुळे बदललेल्या सुट्या भागांवरील कपात टळते, उदाहरणार्थ प्लॅस्टिक व रबराच्या भागांवरील ५० टक्के. मोटारीच्या बाजारभावाशी त्याचा संबंध नाही.

उरतो तो दोषी वाहनाचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्याकडे दाव्याचा मार्ग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६५ व १६६ अन्वये मालमत्तेच्या नुकसानीसाठीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात परप्रांती झाला तरी तो आपल्या राहत्या ठिकाणी दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती पाळणेच शहाणपणाचे. दुरुस्तीचे बिल म्हणजेच संपूर्ण नुकसान, असे हा कायदा कोठेही म्हणत नाही. म्हणून घटलेली किंमतही मागितली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र मागणीला पुरावा हवा. पोलीस पंचनामा, छायाचित्रे, दुरुस्तीची बिले आणि अपघातापूर्वीच्या व दुरुस्तीनंतरच्या किमतीविषयी मूल्यांकनकाराचा लेखी अहवाल ग्राहकांनी जपून ठेवावा. केवळ अंदाजाने सांगितलेला आकडा टिकत नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली असा निर्णय दिला, की दुरुस्तीनंतरही उरणाऱ्या मूल्यघटीचा विचार विमा कंपनीने केलाच पाहिजे. आपल्याकडेही हे अशक्य नाही. विमा उतरविताना मोटारीचे मूल्य ठरविण्यासाठी तक्ता आहेच: सहा महिन्यांपर्यंत ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० टक्के वजावट. वयामुळे घटणारी किंमत मोजता येते, तर अपघातामुळे घटणारी का मोजू नये? असा तक्ता विमा नियामकाने तयार केल्यास प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लढा द्यावा लागणार नाही.

तोपर्यंत कर्ज विभागातील सहकाऱ्यांनी एवढे अवश्य करावे. अपघाताची सूचना घेऊन आलेल्या कर्जदारास विम्याच्या अर्जाबरोबरच या हक्काची व मुदतीची माहिती द्यावी. तारण मोटारीचे मूल्य राखण्यात ग्राहकाचे हित आहे, तितकेच बँकेचेही.