कर्ज कशाचं, तेही विचारा

बँकांचा पतपुरवठा वाढला की विकसनशील देशांत कार्बन उत्सर्जन वाढतं की घटतं, यावर जगभर शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. निवृत्तीनंतर मी विष्णुपुरीला विद्यापीठाजवळ घर केलं, तेव्हापासून अर्थशास्त्राची पोरं असले निबंध घेऊन माझ्याकडे येतात. 'बँकेतले काका' एवढीच माझी पात्रता. काही निबंध म्हणतात उत्सर्जन वाढतं, काही म्हणतात घटतं. मला दोन्ही उत्तरं खरी वाटतात. अर्धवट आहे तो प्रश्न.

या अभ्यासांत 'वित्तीय विकास' मोजायची रूढ पद्धत अशी, की खासगी क्षेत्राला दिलेलं एकूण कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या किती टक्के आहे ते काढायचं आणि अनेक देशांची अनेक वर्षांची आकडेवारी एकत्र करायची. उभी नोकरी हैदराबाद बँकेत काढलेल्या माणसाला हा आकडा खटकतो. ती बँक 2017 मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. त्या बँकेत असताना लोहा-कंधारकडच्या शेतकऱ्यांना मी डिझेल इंजिनाला कर्ज दिलं, विजेच्या मोटारीला दिलं, ठिबकला दिलं, ट्रॅक्टरला दिलं, उसाला पीककर्ज दिलं. उद्दिष्टाच्या तक्त्यात या सगळ्याचं एकच नाव, शेती. रिझर्व्ह बँकेचं शेतीसाठीचं 18 टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं की वरचे साहेब खूश. इंजिन धूर ओकतं, ठिबक पाणी वाचवतं, पण त्या रकान्यात दोघांचं वजन सारखंच. हीच बेरीज पुढे देशाच्या आकड्यात जाते आणि तिथून शोधनिबंधात उतरते. मग उत्तर कधी असं, कधी तसं येणारच.

दुसरा लाडका सिद्धांत कुझनेट्स यांच्या नावाचा. सायमन कुझनेट्स यांची 1955 ची मांडणी उत्पन्न आणि विषमतेची होती. 1990 च्या दशकात ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तशीच कमान प्रदूषणात दाखवली: देश गरीब असेतो प्रदूषण वाढतं, पुरेसा श्रीमंत झाला की उतरतं. धुराबाबत हे पटतं, कारण धूर आपल्याच डोळ्यांत जातो आणि लोक ओरडतात. कार्बन डायऑक्साइड कुणाच्या डोळ्यांत जात नाही. 'आधी श्रीमंत होऊ, मग बघू' हा हिशेब त्याला आपोआप लागू होईल, असं मानायला फारसा आधार नाही.

अर्थात विकास थांबवा, असं आम्हाला कुणी सांगू नये. भारतातल्या माणसाच्या वाट्याला वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. पण कोळशावरचा विकास मराठवाड्यात कुठे अडतो, ते आम्ही पाहिलंय. पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र 2013 मध्ये बंद ठेवावं लागलं, 2015 मध्ये पुन्हा तेच. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं. जिथे प्यायला पाणी नाही, तिथे कोळशाच्या विजेला कुठून आणणार?

म्हणून सौर. पण सौरऊर्जेचा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. कोळशाला जन्मभर इंधन लागतं, सूर्याला लागत नाही. त्याला लागतं भांडवल. म्हणजे सौर विजेचा भाव ऊन जितकं ठरवतं, तितकाच व्याजदर ठरवतो. लातूरच्या एखाद्या डाळ मिलवाल्यानं छतावर पॅनल बसवायला कर्ज काढलं असं धरा. दर लाखामागे दहा वर्षांत 6 टक्क्यांनी सुमारे 33 हजार रुपये व्याज जाईल, 12 टक्क्यांनी 72 हजार. ऊन तेच, पॅनल तेच. विकसनशील देशांत अशा प्रकल्पांना भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडतं, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते. ग्लासगोत 2021 मध्ये आपण 2070 चं नेट झिरो जाहीर केलं. जानेवारी-फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानं 16 हजार कोटींचे हरित रोखे काढले. चांगलं झालं. पण त्या डाळ मिलवाल्याला शाखेत जो दर सांगतात, त्यावरच त्याच्या छताचा निर्णय होणार आहे.

शेतकऱ्याचं गणित आणखी वेगळं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला 10 टक्केच रक्कम भरावी लागते. माझा एक जुना खातेदार म्हणाला, "साहेब, कार्बन-बिर्बन मला कळत नाही. रातच्याला दारं धरायला जावं लागत नाही, हे लई झालं." रात्रीची थ्री फेज लाइन, अंधार आणि साप यांतून सुटका झाली, उत्सर्जन त्याच्या नकळत घटलं.

तरी प्रत्येक सौरपंपाला हरित म्हणून टाळ्या वाजवायला मी तयार नाही. शंकरराव चव्हाणांच्या पुढाकारातून उभा राहिलेला विष्णुपुरी प्रकल्प उपसा सिंचनाचा, आणि नांदेड शहराचं पिण्याचं पाणीही त्याच जलाशयातलं. उन्हाळ्यात साठा उतरला की प्रशासनाला पथकं पाठवून अनधिकृत मोटारी जप्त कराव्या लागतात, काठावरच्या गावांची वीज तोडावी लागते. उद्या त्या मोटारी उन्हावर चालल्या तर वीज तोडून काही साधणार नाही. दिवसभर फुकट उपसा आणि समोर ऊस, म्हणजे कार्बन वाचला आणि गोदावरी आटली. सौरपंपाबरोबर ठिबक सक्तीचं हवं, आणि उसासाठी पंप देताना पाण्याचा हिशेब आधी तपासला पाहिजे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची बैठक होते. अग्रणी बँक वार्षिक पतपुरवठा आराखडा मांडते. अक्षय ऊर्जा 2015 पासून प्राधान्य क्षेत्रात आहे. माझं म्हणणं एवढंच, की शेती आणि लघुउद्योगाच्या रकान्यांची फोड करा: डिझेल किती, वीज किती, सौर किती, ठिबक किती, आणि प्रत्येकाचा सरासरी व्याजदर काय. शाखेच्या संगणकात ही माहिती मिळते, कारण कर्जाचा उद्देश लिहिल्याशिवाय कर्ज मंजूरच होत नाही. ती शाखानिहाय जाहीर झाली, तर आमच्या विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या पोरांना परदेशी आकड्यांवर तीच गणितं पुन्हा करत बसावं लागणार नाही. लोह्याच्या शाखेनं वाटलेल्या कर्जातून किती डिझेल जळलं नि किती वाचलं, हे ती सांगू शकतील. पुढचं कर्ज कुणाला स्वस्त द्यायचं, हे ठरवायला बँकेला नेमकं तेच लागतं.