‘जरासा करंट येतो, पण चालतंय!’

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला एक पस्तिशीतली बाई दवाखान्यात आली. उजव्या हाताचे हाड दोन ठिकाणी मोडलेले आणि मनगटाजवळची कातडी सोलून निघालेली. मला आधी मळणी यंत्राचा अपघात वाटला. तसे नव्हते. घरच्या वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये फिरणाऱ्या ओढणीचे टोक तिने धरले आणि ओढणीबरोबर हातही आत ओढला गेला. झाकण उघडल्यावर ड्रायर थांबला कसा नाही, असे विचारले, तर नवरा म्हणाला, “झाकणाचं बटन खराब झालं होतं. मेकॅनिकनं डायरेक्ट करून दिलं.”

हा ‘डायरेक्ट’ शब्द आता मला एखाद्या रोगाच्या नावासारखा ऐकू येतो.

परदेशात ड्रायर म्हणजे गरम हवेने कपडे वाळवणारे यंत्र. तिथे त्याच्या जाळीत कपड्यांचा भुगा साचून आगी लागतात. लातूर-नांदेडकडे ड्रायर म्हणजे सेमी ऑटोमॅटिक मशीनचा तो छोटा, उभा टब. तो कपडे वाळवत नाही, फक्त पिळतो. पण हे पिळणे साधे नाही. हा टब मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो. त्याच्या कडेचा वेग तासाला ६० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून झाकणाखाली एक स्विच आणि टबाखाली ब्रेक दिलेला असतो. झाकण उचलताच मोटर बंद पडून टब काही सेकंदांत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर एकतर स्विच ‘डायरेक्ट’ केलेला आहे किंवा ब्रेक झिजला आहे. दोन्ही सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात. ते बदलेपर्यंत ड्रायर वापरू नये, आणि टब पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नये.

बाकी तक्रारी बहुधा साध्या असतात. ड्रायर धडधडत असेल तर कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात. ते सारखे पसरून दाबावेत आणि वरची प्लास्टिकची चकती बसवावी. पाणी निघत नसेल तर पाइप दुमडलेला किंवा तुंबलेला असतो. टब नुसताच गुरगुरत असेल तर मोजा किंवा रुमाल खाली अडकला असण्याची शक्यता असते. हे सगळे पिन काढून पाहावे. जळका वास आला, टबाखालून मोटरवर पाणी गळू लागले किंवा उंदरांनी वायर कुरतडली, तर मात्र मशीन बंद ठेवून माणूस बोलवावा.

पण मला सर्वात जास्त भीती वाटते ती ज्याची कोणी तक्रारच करत नाही त्याची. “मशीनला जरासा करंट येतो, पण चालतंय. चप्पल घालून लावते मी,” असे कितीतरी जणी सहज सांगतात.

हा ‘जरासा’ किती, ते पाहू. साधारण एक मिलीअँपिअर प्रवाह शरीरातून गेला की मुंग्या येतात. प्रवाह वाढला की हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. चार्ल्स डाल्झिएल या अमेरिकी संशोधकाने स्वयंसेवकांवर ही मर्यादा मोजली होती. पुरुषांत ती सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलीअँपिअर निघाली. पन्नास ते शंभर मिलीअँपिअर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते बंद पडू शकते. कोरडी कातडी प्रवाहाला बराच अडथळा करते. पण ओले हात, ओली फरशी आणि अनवाणी पाय असतील तर तो अडथळा हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, २३० मिलीअँपिअर होतात. काल मुंग्या आल्या आणि आज जीव गेला, यात फरक असतो तो फक्त ओल्या पायांचा.

“आमच्याकडे एमसीबी आहे,” असे उत्तर मिळते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी १६ हजार मिलीअँपिअरपर्यंत शांत बसते. माणूस त्याच्या फार आधी गेलेला असतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ती सतत ताडून पाहते. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने जमिनीत चालली, की ती सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर तीही वाचवू शकत नाही, पण घरातले बहुतेक धक्के त्या प्रकारचे नसतात.

तिच्या जोडीला अर्थिंग हवेच. अर्थिंग नीट असेल तर मशीनच्या पत्र्यात उतरलेली वीज तुम्ही हात लावण्याआधीच जमिनीत जाते आणि आरसीसीबी पडते. आपल्याकडे तीन पिनांची तिसरी पिन बऱ्याच घरांत फक्त शोभेला असते. काही ठिकाणी ती न्यूट्रललाच जोडलेली असते, आणि ते अधिक घातक आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही निकामी होत जातो; त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती वारंवार पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. तिलाच ‘डायरेक्ट’ करून टाकणे म्हणजे ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

ड्रायरमधून काढलेले कपडे जातात तारेवर, आणि धोका तिथेही असतो. लोखंडी तार पत्र्याच्या घराला बांधलेली, शेजारून सर्व्हिस वायर गेलेली. तिचे आवरण झिजले की पत्रा, तार आणि ओली साडी, सगळ्यांत वीज उतरते. वाचवायला धावलेला दुसराही चिकटतो. नायलॉनच्या दोरीने हा धोका जवळपास संपतो. तार आजच काढा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. आरसीसीबी साधारण दोन-अडीच हजारांत बसते. एवढ्या पैशात टळणारे मरण आम्हाला दवाखान्यात फार कमी पाहायला मिळते. मशीन घेताना पंधरा-वीस हजार देणारी माणसे इथे हात आखडतात, याचे मला नवल वाटते.

लातूर आणि नांदेडला शिकवणीसाठी गावोगावची मुले येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात. अनेक ठिकाणी पॅसेजमध्ये सगळ्यांची मिळून एकच मशीन असते. खोलीमालकांना माझी विनंती आहे की त्या मशीनच्या लाइनवर आरसीसीबी बसवा. आणि पालकहो, खोली पाहताना पाणी आणि मेस विचारता, तसे हेही विचारा. वायरमन आणि मेकॅनिक मंडळींना एवढेच सांगणे आहे, की गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी सुरक्षेचा स्विच ‘डायरेक्ट’ करून देऊ नका.

तरीही अपघात झालाच तर चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. गाडी येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला, तरी चक्कर आली असेल किंवा छातीत धडधडत असेल तर ईसीजी काढल्याशिवाय घरी बसू नका.

त्या बाईचा हात वाचला, पण दोन बोटांची पकड अजून नीट आलेली नाही. भाकरी थापताना त्रास होतो, असे ती म्हणते. परवा तपासणीला आली तेव्हा मी विचारले, “ड्रायर दुरुस्त केला का?” ती म्हणाली, “स्विच नवीन बसवला, सर. करंट मात्र अजून जरासा येतो.”

मी औषधांच्या चिठ्ठीवर औषधांच्या आधी लिहिले : वायरमन बोलवा.