सात नंबरची जर्सी



बर्फावरची हॉकी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीही नाही. तरी रे बोर्क या बचावपटूची गोष्ट आपल्या कामाची आहे. मॉन्ट्रियलचे बोर्क १९७९ पासून बोस्टन ब्रुइन्स संघात सात नंबरची जर्सी घालून खेळत. तो नंबर पूर्वी फिल एस्पोझिटो यांचा होता. ३ डिसेंबर १९८७ रोजी एस्पोझिटो यांच्या गौरवसमारंभात बोर्क यांनी सगळ्यांदेखत ती जर्सी उतरवून त्यांच्या हाती दिली. आत ७७ नंबर होता.

नंबर गेला, खेळ गेला नाही. बचावपटू असूनही त्यांनी कारकिर्दीत ४१० गोल केले. २००१ मध्ये कोलोरॅडो संघाने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा कर्णधार जो सॅकिक यांनी तो स्वतः न उंचावता आधी बोर्क यांना दिला. बावीस हंगामांतला तो त्यांचा पहिला चषक.

आमच्या धर्मग्रामात मात्र मिस्सातले वाचन, पेटीची जागा, समितीची खुर्ची आम्ही वर्षानुवर्षे धरून बसतो आणि त्याला सेवा म्हणतो. तरुण मुले मागच्या बाकावर बसून राहतात, मग येईनाशी होतात. दोष आम्ही त्यांनाच देतो.

आमचे मत स्पष्ट आहे: हातपाय चालतात तोवरच जागा सोडावी, आणि शिकवायला शेजारी उभे राहावे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य येशूमागे गेले, तेव्हा तो रुसला नाही.

येत्या रविवारी वाचनाचे पुस्तक आम्ही एका मुलीच्या हाती देणार आहोत. तुम्ही काय द्याल?