खटला टिकवणारी सुरक्षा

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी भागातली मुले पोलीस भरतीसाठी धावतात, सामान्य ज्ञान पाठ करतात. पण पुरावा न्यायालयात कसा टिकतो, हे त्यांना कोण शिकवते? अंतर्गत सुरक्षेचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा. माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यात प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये दोषी ठरवले. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. खटल्याची मंजुरी अवैध ठरली, जप्तीही सिद्ध झाली नाही. माणसांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, आणि सरकारच्या हाती काहीच उरले नाही.

जंगलात गोळी सुटते तेव्हा पंचनाम्याचे धडे काय कामाचे, असे कुणी विचारेल. जवानांनी इथे प्राण दिले आहेत, त्यामुळे हा प्रश्न उडवून लावता येत नाही. पण चकमक संपली तरी खटला वर्षानुवर्षे चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. शिवाय एका बाजूला मध्य प्रदेशातले बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडमधले राजनांदगाव, म्हणजे तपास तीन राज्यांत विखुरतो. साक्षीदार अनेकदा गोंडी बोलतो. त्याचा जबाब नीट नोंदवणारा, कायदा जाणणारा तरुण याच जिल्ह्यात घडू शकतो. गोंदियाच्या महाविद्यालयांनी अंतर्गत सुरक्षेचा असा अभ्यासक्रम गोंडीसह सुरू करावा.