आपली पुस्तकं डोक्यावर नको, हातात घ्या

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही एक वाचनगट चालवतो. रविवारी वंदना झाली की दहा-बारा जण मागे थांबतात आणि तासभर एखाद्या पुस्तकावर बोलतात. मध्यंतरी पुढचं पुस्तक ठरवताना बी.ए.ला असलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, परत आत्मचरित्रच का? भूक, मार, पाणवठा, शाळा. वाचायचं, रडायचं आणि घरी जायचं. किती दिवस?"

विहारात एकदम शांतता. एक काका चिडले. "आपल्या माणसांनी रक्त आटवून लिहिलंय ते. असं बोलतात का?" मुलगी गप्प झाली. खरं सांगायचं तर मीही गप्पच बसले. पुढच्या रविवारी ती आली नाही.

हा लेख म्हणजे त्या दिवशी मी द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. मी समीक्षक नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना यातली काही पुस्तकं 'संदर्भ' म्हणून वाचली होती, म्हणजे परीक्षेत दहा ओळी लिहिण्यापुरती. या वर्षी मात्र साधी वाचक म्हणून वाचली. फिल्डवरून येताना बसमध्ये, रात्री भांडी आवरल्यावर. इंग्रजी पुस्तकं मोबाईलवर शब्द शोधत, हळूहळू. जे वाटलं ते लिहिते. पटलं नाही तर भांडा.

आधी कादंबऱ्या

मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' 1935 सालची. संडास साफ करणाऱ्या बाखा नावाच्या पोराचा एक दिवस. बाजारात चुकून एका सवर्णाला धक्का लागतो आणि त्याला थोबाडीत खावी लागते. देवळातला पुजारी त्याच्या बहिणीवर हात टाकतो, आणि तिने विरोध केल्यावर तोच 'बाटलो, बाटलो' म्हणून ओरडतो. हा प्रसंग वाचताना अंगाची आग होते. इथपर्यंत कादंबरी पकडून ठेवते.

शेवट मात्र मला पटला नाही. दिवस संपताना बाखासमोर तीन वाटा येतात. एक ख्रिस्ती मिशनरी, दुसरे गांधीजी आणि तिसरा एक कवी, जो म्हणतो की फ्लशचे संडास आले की हा प्रश्न सुटेल. आता साल आठवा. महाडचा सत्याग्रह 1927 चा. पुणे करार 1932 चा. कादंबरी आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली. घोषणा नंतरची, ती सोडून देऊ. पण महाड तर आठ वर्षं आधीच घडलं होतं, आणि तरी बाखाच्या दुनियेत चौथी वाट नाही. त्याला कुणीतरी वाचवायला येणार, नाहीतर यंत्र येणार. तो स्वतः उठेल, ही शक्यताच लेखकाला सुचलेली नाही. आणि फ्लशचं म्हणाल, तर फ्लश येऊन किती वर्षं झाली? गटारात उतरणारी माणसं कोणत्या जातीची आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' 1997 ची, बुकर मिळालेली. भाषा अशी की मी दोन रात्री नीट झोपले नाही. केरळमधला वेलुथा हा परवन जातीचा सुतार. हाताने कुशल, कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. सवर्ण सीरियन ख्रिस्ती घरातल्या अम्मूवर त्याचं प्रेम बसतं. त्याचा स्वतःचा बाप जाऊन मालकिणीला सांगतो, पक्षाचा पुढारी हात वर करतो आणि पोलीस त्याला मारून टाकतात. धर्म बदलला तरी जात चर्चच्या दारातून आत येते आणि लाल झेंड्याखालीही मावते, हे या कादंबरीइतकं चांगलं मी दुसऱ्या कादंबरीत वाचलेलं नाही.

तरी एक गोष्ट खटकली. वेलुथाचं शरीर आपल्याला पुरेपूर दिसतं. पाठ, हात, हसू. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते फारच थोडं कळतं. मोर्चात झेंडा घेऊन चालणारा माणूस काय वाचत होता, कुणाशी वाद घालत होता, कशावर रागावला होता? ते नाही. तो सुंदर आहे, तो प्रेम करतो आणि तो मरतो. सहानुभूतीने लिहिणाऱ्यांच्या पुस्तकात आपला माणूस बहुतेकदा असाच असतो. त्याला जखम असते, मत नसतं.

म्हणून आत्मचरित्रं. त्या मुलीला पहिलं उत्तर हे. या पुस्तकांत आपला माणूस पहिल्यांदा मत घेऊन उभा राहतो. पण तिचा दुसरा मुद्दा तेवढ्याने संपत नाही. ही पुस्तकं आपण वाचतो कशी?

आता आत्मकथनं

ओमप्रकाश वाल्मीकि यांचं 'जूठन' हिंदीतूनच वाचलं. शाळेचा हेडमास्तर पोराला वर्गात बसू न देता दिवसेंदिवस मैदान झाडायला लावतो. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, भाषणात हमखास येतो. मला जास्त लागलं ते पुढचं. वाल्मीकि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या प्रशिक्षणासाठी आपल्या अंबरनाथला आले होते. तिथे एका ब्राह्मण घरात त्यांचं जाणं-येणं झालं. आडनावावरून त्या लोकांनी त्यांना ब्राह्मण समजलं. त्या घरातल्या मुलीचा जीव त्यांच्यावर जडला आणि त्यांनी तिला स्वतःहून जात सांगितली. सगळं तिथेच थांबलं. मुजफ्फरनगरच्या खेड्यातला हेडमास्तर आपल्याला लगेच ओळखू येतो. अंबरनाथमधलं चहा देणारं सुशिक्षित घर ओळखू येत नाही. आज भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना भेटतं ते हे दुसरं घर. मग भाषणात नेहमी पहिलाच प्रसंग का?

दया पवारांचं 'बलुतं' (1978) मी एकोणिसाव्या वर्षी वाचलं तेव्हा ढसाढसा रडले होते. या वर्षी परत वाचलं. कावाखान्याचं वर्णन तसंच अंगावर येतं. स्वतःचा भित्रेपणा, स्वतःची लाज इतक्या उघडपणे मांडणं हे आजही सोपं नाही. पण या वेळी मला राग आला. सईवर संशय घेऊन संसार मोडतो, त्याचा सल लेखक मांडतो, स्वतःला दोषही देतो. सईचं म्हणणं मात्र पुस्तकात कुठे सापडत नाही. पस्तिशीतली बाई म्हणून मला तेच ऐकायचं होतं.

ते मला फलटणला सापडलं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपात आलं. दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. त्यात गावकी आहे, अंधश्रद्धा आहे, बाबासाहेबांच्या शब्दाने बदललेल्या बाया आहेत. आणि आपल्याच घरातला छळही आहे. पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालायचे, हे बेबीताईंनी लिहून ठेवलं. गावाने आपल्याला गुलाम केलं आणि आपण गुलामी करायला घरात सून आणली, असा त्यांचा रोख आहे. नवरा संशयावरून मारायचा हे मात्र पुस्तकात नाही. ते त्यांनी पुढे इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत सांगितलं. ज्या बाईने समाजाचं सगळं उघड केलं, तिनेही स्वतःचं एवढं दुःख बाजूला ठेवलं. 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं' एकापाठोपाठ एक वाचा. एकात जे बोललं गेलं नाही ते दुसऱ्यात ऐकू येतं.

शेवटचं सुजाता गिडला यांचं 'अँट्स अमंग एलिफंट्स' (2017). आंध्रच्या ख्रिस्ती दलित घरातली ही बाई न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर. पुस्तक तिच्या आईचं आणि मामाचं आहे. मामा म्हणजे के. जी. सत्यमूर्ती, पीपल्स वॉर ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक. पुस्तक लांबतं, मधली नावं आणि पक्षफुटी लक्षात राहत नाहीत. मी काही पानं चक्क चाळली. पण एक जागा सोडू नका. क्रांतीसाठी जंगलात गेलेल्या पोरांत न्हाव्याच्या पोराने दाढ्या करायच्या, धोब्याच्या पोराने कपडे धुवायचे आणि अस्पृश्याने झाडू मारायचा. सत्यमूर्तींनी हा प्रश्न पक्षात काढला आणि पक्षाने त्यांनाच बाहेर काढलं. 'आधी वर्ग, जात मग बघू' असं तुम्हाला कुणी ऐकवलं, तर वाद घालण्याआधी ही पानं त्याच्या हातात द्या.

मग मुद्दा काय?

आपण आपल्या पुस्तकांना हार घालतो. जयंतीला स्टॉलवरून विकत घेतो, कपाटात बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवतो. त्याबद्दल वाकडं बोलणं म्हणजे समाजद्रोह. यामागची भीती मला कळते. आपण आपल्या लेखकावर टीका केली की ती उचलून आपल्यालाच मारायला बाहेर माणसं टपलेली असतात. पण या भीतीपोटी आपण आपल्या पोरांना वाचनापासून तोडतोय. ज्या पुस्तकाशी भांडता येत नाही, ते पुस्तक पोथी होतं. पोथ्या आपण 1956 साली मागे टाकल्या. कुणी मोठा सांगतो किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून बघा, हे कालामांना सांगणाऱ्याच्या विहारात बसून आपण एका मुलीला प्रश्न विचारल्याबद्दल गप्प केलं.

आणि आपल्या माणसांबद्दल खरं लिहिणं हा समाजद्रोह असेल, तर बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढून बघा. अगदी छोटी पुस्तिका, एका बैठकीत होते. त्यात 1929 सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याला चालत नेणं बरं दिसत नाही म्हणून आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्याच माणसाला पुढे बसवलं. पुलावर अपघात झाला. बाबासाहेब खाली फेकले गेले, पाय मोडला. ते सवर्ण टांगेवाल्याचा माज लिहितात. आपल्या लोकांनी मान जपण्याच्या नादात जीव धोक्यात घातला, हेही लिहितात. त्यात माया आहे, पण झाकपाक नाही. कुठे रडणं नाही, अस्पृश्यता चालते कशी ते उलगडून दाखवणं आहे. आत्मकथन लिहायचं कसं आणि वाचायचं कसं, हे त्या थोड्या पानांत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं. वाचनगटात पुस्तक संपल्यावर 'काय आवडलं' एवढ्यावर थांबू नका. 'काय पटलं नाही, कोण बोललं नाही, आज हे कुठे दिसतं' हेही विचारा. आणि 'परत तेच का' म्हणणाऱ्या पोरापोरींना कादंबरी लिहायला सांगा, ज्यातला आपला माणूस शेवटच्या पानावर मेलेला नसेल आणि ज्याला मतं असतील.

त्या मुलीच्या घरी मी मागच्या आठवड्यात गेले. माफी मागितली आणि 'जिणं आमुचं' दिलं. म्हटलं, हे वाच आणि यातलं काय पटलं नाही ते रविवारी सगळ्यांसमोर सांग. ती म्हणाली, "काका ओरडले तर?"

म्हटलं, ओरडू देत. या वेळी मी गप्प बसणार नाही.

जय भीम.