समुद्रावर कामाला जाणाऱ्यांच्या घरच्यांना

नाशिकला समुद्र नाही. त्यामुळे घरातला मुलगा, जावई किंवा आता मुलगीही 'ऑफशोअर'ला आहे म्हणजे नक्की काय करते, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसतं. पगार बरा आहे आणि चौदा दिवस काम, चौदा दिवस सुट्टी, एवढंच कळतं. म्हणून हे चार शब्द तुमच्यासाठी.

मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे. १९७६ पासून तिथून तेल येतं. विहिरीतून तेल, वायू आणि पाणी एकत्रच वर येतं. ते वेगळं करायचं, वायूचा दाब वाढवायचा, पाइपलाइनने उरणकडे पाठवायचं. हे किती दाबावर, किती तापमानाला व्हावं, हे पाहणारं माणूस म्हणजे प्रोसेस इंजिनीअर. सिनिअर झालं, की एखादं यंत्र चालू करायचं की बंद ठेवायचं, यात त्याच्या शब्दाला वजन येतं.

ते वजन किती असतं, ते पाहा. ६ जुलै १९८८. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात तेल काढणारा पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म. एका पंपाचा सुरक्षा वॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्या जागी नुसतं झाकण लावलं होतं. पुढच्या पाळीला हे नीट कळलंच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून हा चालू केला. झाकणापाशी वायू सुटला, भडका उडाला. १६७ माणसं गेली.

आपल्याकडे २७ जुलै २००५ ला समुद्र खवळलेला असताना 'समुद्र सुरक्षा' हे जहाज जखमी सहकाऱ्याला उतरवायला प्लॅटफॉर्मजवळ आलं आणि वायूच्या पाइपावर आदळलं. मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ जण दगावले.

दोन्ही वेळा कुणीतरी "थांबा" म्हणायला हवं होतं. पण ते सोपं नसतं. काम थांबलं की उत्पादन थांबतं, वरून फोन येतात. ज्याच्या मागे मोठा हप्ता आहे, तो अशा वेळी गप्प बसतो.

म्हणून पहिलं सांगणं घरच्या हिशेबाचं. समुद्रावरचा भत्ता धरून गंगापूर रोडला फ्लॅट घेऊ नका. मूळ पगारात बसेल तेवढाच हप्ता ठेवा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाका. आणि तोंडाने सांगा, "नोकरी गेली तरी आपलं भागेल. मनाला पटत नसेल तर काम चालू करायच्या कागदावर सही करू नकोस." हे घरच्यांनी म्हणावं लागतं. साहेबाने सांगून तो धीर येत नाही.

दुखणं लपवू देऊ नका. वैद्यकीय तपासणीत नापास झालो तर भत्ता जाईल, या भीतीने बीपीच्या गोळ्या गुपचूप घेतल्या जातात. तिथे १२ तासांची पाळी असते. आणि पावसाळ्यात माणसाला किनाऱ्यावर आणणारं हेलिकॉप्टर वेळेवर येईलच असं नाही.

त्याच कारणाने परतीच्या तारखेला साखरपुडा किंवा मुंज धरू नका. दोन-तीन दिवस मोकळे सोडा. घरी आल्यावर आधी झोपू द्या. बँकेची कामं नंतर. फोनवर सासू-सुनेच्या कुरबुरी नकोत. मोठं आजारपण मात्र लपवू नका. आधी कंपनीच्या ऑफिसला कळवा, म्हणजे परत आणायची सोय त्यांना बघता येईल.

माणूस कंत्राटदाराकडे असेल तर जाण्याआधीच एका कागदावर लिहून घ्या: कंपनीचं पूर्ण नाव, प्लॅटफॉर्मचं किंवा बार्जचं नाव, ऑफिसचे दोन नंबर, विम्याचा क्रमांक. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, कंत्राटी कामावर गेलेली. अशा रात्री कुणाला फोन करायचा, हे घरात माहीत असलं पाहिजे.

आखातात जायचं असेल तर एजंटचा परवाना 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदणी झालेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याची पावती मागा. देत नसेल तर उठून घरी या.