आजीची नथ

गणपतीत आजीने नथ घातली आणि म्हणाली, "अगं, ही ओठाला टेकतेय. वाढली की काय?" आम्ही हसलो. मग तिच्या लग्नाचा फोटो काढून पाहिला. नथ तीच होती, नाकच खाली आलं होतं.

वयाबरोबर नाकातल्या कूर्चा आणि त्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात, वरच्या जबड्याचं हाडही झिजतं. मग शेंडा झुकतो, नाक लांब दिसतं आणि हवेची वाट अरुंद होते. आजी कित्येक वर्षं तोंड उघडं ठेवून झोपायची. 'वय झालं' म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बोटाने तिच्या नाकाचा शेंडा हळूच वर उचलला. "आता श्वास घ्या." आजी म्हणाली, "अगोबाई, मोकळं वाटलं!"

शस्त्रक्रियेत बहुधा नाकाच्या पडद्यातलीच थोडी कूर्चा काढून शेंड्याला आधार देतात. पण आधी हृदय, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं तपासावं लागतं. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागू शकतं.

काका म्हणाले, "या वयात नाक नीट करून कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायला नाही रे," आजी म्हणाली, "मला रात्री झोपायचंय."

तपासण्या सुरू आहेत. करायचं की नाही, ते आजीच ठरवेल. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना आज एवढंच विचारा: रात्री नाकाने श्वास नीट घेता येतो ना?